एफ-वन दाबल्यावर काय उघडायचं

ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये हेल्पचा, म्हणजे एफ-वन दाबल्यावर उघडणाऱ्या मदतीच्या पानांचा विषय निघाला की दोन मिनिटांत मार्कडाउन विरुद्ध आरएसटी (साध्या मजकुरात खुणा टाकून लिहायच्या दोन पद्धती) अशी मारामारी सुरू होते आणि बाकीचे लोक हळूच कॅमेरा बंद करतात. मला यात एक गोष्ट कायम खटकते. आपण लिहितो कशात आणि वाचणाऱ्याला दिसतं कशात हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि दुसरा आधी घ्यायला हवा. तर आम्ही काही जण मिळून वाचनालयांसाठी एक छोटं सॉफ्टवेअर बनवतो, पायथन भाषा आणि खिडक्या-बटणं बनवायचं क्यूटी वापरून, पुस्तकं द्यायची-घ्यायची, वर्गणी, दंड, एवढंच. कोहा या वाचनालयांच्या मोठ्या सॉफ्टवेअरसारखं काही नाही. वापरतात तालुक्याच्या गावातली वाचनालयं, मशीन जुनं विंडोजवालं, नेट कधी असतं कधी नसतं, आणि समोर बसलेल्या ग्रंथपाल मॅडमना सगळा मेनू मराठीत दिसतो, त्यामुळे हेल्पही मराठीतच हवी. या तीन अटी टाकल्या ना, की अर्धे फॉरमॅट आपोआप गळतात.

पहिला गेला विकीचा पर्याय, कारण नेट. शिवाय विकीवर नवीन व्हर्जनची माहिती असते आणि वाचनालयात तीन वर्षांपूर्वीचं व्हर्जन चालू असतं, मग बटण सापडत नाही म्हणून फोन.

मग जुनी मंडळी म्हणतात सीएचएम, म्हणजे विंडोजची जुनी हेल्प फाइल, करा की. माझाही जीव आहे त्याच्यावर, खोटं कशाला बोलू. मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये आणलं, एकच फाइल, डावीकडे अनुक्रमणिका, वर सर्च, कुठल्या खिडकीतून एफ-वन दाबलं त्याप्रमाणे नेमकं पान उघडतं, आणि नेट नको. कल्पना म्हणून आजही त्याच्या तोडीचं कमी आहे. पण सीएचएम युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांना एकाच यादीत क्रमांक देण्याच्या पद्धतीच्या, आधीच्या विचाराचं आहे. आतली पानं एचटीएमएल असल्यामुळे मराठी दिसतं, पण अनुक्रमणिका, इंडेक्स आणि सर्च सिस्टिमच्या जुन्या कोडपेजवर (एकेका लिपीसाठीच्या अक्षरांच्या तक्त्यावर) चालतात, आणि विंडोजमध्ये देवनागरीला तसं कोडपेजच नाही. म्हणजे डावीकडची सगळी यादी प्रश्नचिन्हांची. त्यात २००५ च्या सिक्युरिटी अपडेटनंतर नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमधून सीएचएम उघडलं तर यादी दिसते आणि पान कोरं. दोन मशीन असलेल्या वाचनालयात सगळं शेअर फोल्डरमध्येच असतं. बनवायचं मायक्रोसॉफ्टचं टूलही फक्त विंडोजवर चालतं आणि आमच्यातले निम्मे लिनक्सवर. विषय बंद.

मॅन पेज आणि जीएनयूचं इन्फो, म्हणजे टर्मिनलमध्ये वाचायची कमांडची माहिती, याबद्दल फार बोलत नाही. मॅन पेजची परंपरा १९७१ च्या युनिक्स मॅन्युअलपासूनची आहे आणि कमांड असेल तर मॅन पेज द्यायलाच पाहिजे, नाही दिलं तर डेबियन या लिनक्सवाले बग म्हणून नोंदवतात, बरोबरच करतात. पण आमच्याकडे कमांड नाही, आणि टर्मिनलमध्ये जोडाक्षरांचे जे हाल होतात ते बघवत नाहीत.

डॉकबुकवर, म्हणजे टॅग टाकून मॅन्युअल लिहायच्या फॉरमॅटवर, मात्र थोडं थांबावं लागेल. १९९१ च्या सुमारास ओरायली प्रकाशन आणि हॅल कॉम्प्युटर सिस्टिम्सने सुरू केलं, आधी एसजीएमएल मग एक्सएमएल या टॅगच्या भाषांत, आणि एकेकाळी सिरियस प्रोजेक्ट म्हणजे डॉकबुक असं समीकरण होतं. मेनूतलं नाव, बटणाचं नाव, फाइलचं नाव, प्रत्येकाला वेगळा टॅग, त्यामुळे एकाच सोर्समधून काहीही काढता येतं. केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या हँडबुक आजही त्यातच आहेत. पण लिनक्स कर्नलने २०१६ मध्ये ४.८ पासून स्फिंक्स (साध्या मजकुरातून हेल्पची पानं बनवणारं पायथनचं टूल) आणि आरएसटीकडे जायला सुरुवात केली, फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने जानेवारी २०२१ मध्ये सगळं डॉकबुक सोडून अ‍ॅस्किडॉक ही मार्कडाउनसारखी लिहायची पद्धत आणि ह्यूगो हे वेबसाइट बनवायचं टूल घेतलं, कोहाचं मॅन्युअलही डॉकबुकमधून स्फिंक्समध्ये आलं. माझ्या मते यात डॉकबुकच्या क्षमतेचा दोष नाहीच. एक ओळ दुरुस्त करायला आलेला माणूस कोनाकार कंसांचं जंगल बघून परत जातो, आणि हेल्प ही अशा एक-एक ओळ दुरुस्त करणाऱ्यांवरच जगते, पगारी टेक्निकल रायटर असतो कुठे आपल्याकडे.

जीनोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपवाल्यांचं मॅलर्ड हे हेल्पचं फॉरमॅट आम्ही घेतलं नाही, कारण ते येल्प या त्यांच्या हेल्प दाखवणाऱ्या प्रोग्रामबरोबर छान आणि विंडोजवर आमच्या काही कामाचं नाही. पण त्याच्यामागचा विचार उचलला. पुस्तकासारखी प्रकरणं लिहायची नाहीत, एक काम एक पान. ‘सभासदाची वर्गणी भरून घेणे’ हे एक पान. ‘हरवलेल्या पुस्तकाची नोंद’ दुसरं. याचा फायदा नंतर सांगतो.

तर दिसायला काय, साधं एचटीएमएल, इन्स्टॉलरबरोबरच डिस्कवर टाकलेलं, ब्राउझरमध्ये उघडणारं. क्यूटीचं स्वतःचं हेल्प फॉरमॅट आहे, एका फाइलमध्ये सगळं बांधलेलं, पण त्यासाठी ते दाखवणारा क्यूटी असिस्टंट सोबत द्यायचा आणि मॅडमना अजून एक नवीन खिडकी शिकवायची. ब्राउझर त्यांना येतो.

आता हे एचटीएमएल बनवायचं कशातून. लिहिणारा म्हणून मला अ‍ॅस्किडॉक सगळ्यात आवडतं, कोडचे बदल नोंदवणाऱ्या गिटची सगळी डॉक्युमेंटेशन त्यात आहे आणि तक्ते वगैरे त्यात जितके सुखाने लिहिता येतात तितके कुठेच नाही. मार्कडाउनमधून पानं बनवणारं एमकेडॉक्स दिसायला सुंदर, पण त्याचा नेहमीचा सर्च पान डिस्कवरून थेट उघडलं की चालत नाही, इंडेक्स मागवायला सर्व्हर लागतो, आणि आमचं सगळंच डिस्कवरून. स्फिंक्सचा सर्च इंडेक्स जावास्क्रिप्ट फाइल म्हणून लोड होतो त्यामुळे नेट नसतानाही चालतो. दुसरं म्हणजे स्फिंक्समध्ये गेटटेक्स्ट, म्हणजे भाषांतराची सोय, आतच आहे, मराठी मूळ धरून उद्या कोणाला कोकणी किंवा इंग्लिश करायचं झालं तर परिच्छेद-परिच्छेद पीओ या भाषांतराच्या फाइलमध्ये मिळतो, आणि मूळ बदललं की तेवढाच फझी (परत तपासायचा) होतो. सॉफ्टवेअरचं भाषांतर करणारी पोरं तेच टूल वापरतात, त्यांना वेगळं काही शिकायला नको. म्हणून स्फिंक्स.

स्फिंक्स म्हटलं की आरएसटी हे ठरलेलं, आणि इथे मराठीने टांग मारली. आपण लिहिताना बटणाचं नाव ठळक करतो आणि लगेच प्रत्यय जोडतो, ‘जतन करा’ ठळक आणि त्याला चिकटून ‘वर क्लिक करा’. आरएसटीचा नियम असा की ठळकाची खूण संपल्यावर जागा किंवा विरामचिन्ह हवं, अक्षर चिकटलं की तो ठळक धरतच नाही, पानावर सरळ तारे दिसतात. उपाय आहे, मध्ये बॅकस्लॅश आणि स्पेस टाकायची. पण मराठीत प्रत्येक दुसऱ्या शब्दाला ला, ने, वर, चा चिकटतो, तिथे दरवेळी बॅकस्लॅश टाकत बसणार कोण? कॉमनमार्क, म्हणजे मार्कडाउनचे नेमके ठरवलेले नियम, त्यात ताऱ्यांना हे चालतं. त्यामुळे आम्ही स्फिंक्स ठेवला आणि त्याला मार्कडाउन समजावं म्हणून त्यात मिस्ट पार्सर लावून मार्कडाउनमध्ये लिहितो. मार्कडाउन २००४ चं, कॉमनमार्क २०१४ चं, दोघांनीही मराठी प्रत्ययांचा विचार केला असेल असं वाटत नाही, पण जमून गेलंय खरं.

एवढ्यावर भागत नाही. शीर्षक देवनागरीत असलं की लिंकसाठी त्याचा जो आपोआप आयडी बनतो त्यात सगळी देवनागरी गळून जाते आणि उरतं नुसतं आयडी १, आयडी २. वर एक नवीन भाग घातला की खालचे सगळे नंबर सरकतात, बाहेरून दिलेली लिंक भलत्याच ठिकाणी जाते. म्हणून प्रत्येक शीर्षकावर हाताने रोमन लेबल लिहायचं असा नियम केलाय.

सर्चची गंमत अजून मोठी आहे. स्फिंक्स शब्द तोडायला पायथनचं रेग्युलर एक्स्प्रेशन (अक्षरांचा साचा) वापरतो आणि पायथनच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही अक्षरं नाहीतच. म्हणजे ‘वर्गणी’चे दोन शब्द होतात, ‘वर’ आणि ‘गण’! ‘वाचक’चं ‘व’ आणि ‘चक’. मॅडमनी वर्गणी शोधलं की ‘वर’ आणि ‘गण’ हे तुकडे असलेली भलतीच पानंही समोर. यावर स्वतःचा शब्द तोडणारा क्लास लावावा लागतो, आणि तो दोन्हीकडे, इंडेक्स बनवताना पायथनमध्ये आणि शोधताना ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमध्ये, कारण टाइप केलेला शब्द तिथे परत तोडला जातो. तरी ‘पुस्तक’ आणि ‘पुस्तकांचं’ एकच हे त्याला कळत नाही, प्रत्यय काढून मूळ शब्द देणारा स्टेमर मराठीसाठी स्फिंक्समध्ये नाही. म्हणून जोडीला हाताने केलेली विषयसूची दिली. आणि खरं सांगू, मॅडम सर्च वापरतच नाहीत, थेट सूचीवर जातात. आयुष्य सूचीत गेलेल्या माणसाला सर्च बॉक्सचं काय कौतुक.

राहिलं एफ-वन. विंडोजला डिस्कवरची फाइल ब्राउझरमध्ये उघड म्हटलं की पत्त्यातला हॅशनंतरचा, पानातली नेमकी जागा सांगणारा भाग बऱ्याचदा वाटेतच गळतो, पान उघडतं पण वरून, हव्या त्या परिच्छेदावर जात नाही. यासाठी लोकांनी मध्ये रीडायरेक्टची (दुसऱ्या पानावर नेणारी) फाइल वगैरे बरेच जुगाड केलेत. आमचं एक काम एक पान असल्यामुळे हॅशची गरजच पडली नाही, प्रत्येक खिडकीला तिचं स्वतःचं पान, झालं.

पीडीएफ मात्र द्यावीच लागते, काउंटरच्या काचेखाली दोन पानं ठेवायची असतात सगळ्यांना. स्फिंक्स ती लाटेक या छपाईची पानं जुळवणाऱ्या टूलमधून काढतो आणि त्याचं नेहमीचं पीडीएफलाटेक देवनागरीपुढे हात टेकतं, कॉन्फिगमध्ये त्याऐवजी युनिकोड समजणारं झीलाटेक करायचं आणि युनिकोड फाँटचं नाव द्यायचं. आम्ही मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता घेतलाय. तो ओपन फाँट लायसन्सवर आहे, त्यामुळे इन्स्टॉलरमध्ये टाकायला कोणाला विचारावं लागत नाही, आणि एचटीएमएललाही तोच लावला. तक्ते अजून पानाच्या उजवीकडून बाहेर जातात, कॉलमची रुंदी हाताने द्यावी लागते, ते काम चालू आहे, कोणाला लाटेक येत असेल तर या.