दोन कार्बोरेटर एका मापात: आमच्या गॅरेजची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात आम्ही गॅरेज सुरू केले, तेव्हा दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक मोटारसायकली एका सिलिंडरच्या होत्या. त्यांचा कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, उतरवून, जेट (पेट्रोलची बारीक छिद्रे) फुंकून, आतल्या फ्लोटची, म्हणजे पेट्रोल मोजून घेणाऱ्या तरंगत्या भागाची, पातळी पाहून परत बसवायला तासभर पुरत असे. यामाहा आरडी ३५० ही गाडी मात्र त्या हिशेबात बसत नव्हती. एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ साली भारतात आणलेल्या या ३४७ सीसीच्या टू-स्ट्रोक गाडीला दोन सिलिंडर, दोन सायलेन्सर आणि दोन स्वतंत्र कार्बोरेटर होते. ती पेट्रोल फार पिते, तिचे इंजिन जाम होते, अशी तिची ख्याती असल्यामुळे अनेक मेकॅनिक ती दारातूनच परत पाठवत. आम्ही ती ठेवून घेतली आणि आमच्या व्यवसायाला जे वळण लागले ते तिथून लागले.

ज्या वस्तादांकडे मी काम शिकलो, ते गाडी सुरू ठेवून दोन्ही सायलेन्सरच्या तोंडापाशी तळवे धरत आणि हातावर बसणाऱ्या धक्क्यांवरून कोणता सिलिंडर मागे आहे ते सांगत. त्यांचा अंदाज क्वचितच चुकत असे. पण माझा तळहात त्यांच्यासारखा तयार नव्हता, त्यामुळे मला मोजता येईल अशी पद्धत हवी होती. ती अगदी साधी निघाली. मागची हवेची रबरे काढायची, एकाच मापाचे दोन ड्रिल घेऊन त्यांचे गुळगुळीत दांडे दोन्ही कार्बोरेटरच्या स्लाइडखाली, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या सरकत्या झडपेखाली, अडकवायचे आणि थ्रॉटल (हँडलवरचा ॲक्सिलरेटर) अगदी हळू पिळायचा. दोन्ही ड्रिल एकाच क्षणी सुटून पडले तर स्लाइड बरोबरीने उचलल्या जात आहेत; एक आधी पडला तर त्या बाजूची केबल ताणलेली आहे असे समजायचे. कार्बोरेटरच्या डोक्यावरचा ॲडजस्टर पाव फेरा फिरवायचा आणि पुन्हा पाहायचे.

हे इतके बारकाईने का करायचे, असे गिऱ्हाईक विचारत, आणि तो प्रश्न रास्त होता. गाडी मंद चालत असताना स्लाइड जेमतेम एक-दोन मिलिमीटर उघडलेली असते. तिथे अर्ध्या मिलिमीटरचा फरक म्हणजे एका सिलिंडरला कितीतरी कमी हवा-पेट्रोल मिळणे. मग एक सिलिंडर ओढतो, दुसरा त्याच्यामागे फरफटतो, हँडलला थरथर येते, एका बाजूचा प्लग काळा तर दुसऱ्या बाजूचा पांढुरका निघतो आणि पेट्रोलचा खर्च वाढतो. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर हा फरक जवळजवळ जाणवत नाही, म्हणूनच मोकळ्या रस्त्यावर वेगाने चालवून पाहणाऱ्या माणसाला गाडी चांगली वाटते आणि दोष दडून राहतो.

आमची सर्वात मोठी चूक सुरुवातीच्याच वर्षांतली आहे आणि ती इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. या गाडीत थ्रॉटलची एक केबल पुढे तीन फाट्यांत विभागते. दोन कार्बोरेटरकडे जातात आणि तिसरी इंजिनात ऑइल सोडणाऱ्या पंपाकडे. एका गिऱ्हाइकाच्या गाडीचे दोन्ही कार्बोरेटर आम्ही छान मिळवले, गाडी शांत चालू लागली आणि त्या समाधानात पंपाची केबल पुन्हा जुळवायची राहून गेली. स्लाइड आधी उचलल्या जाऊ लागल्या, पंप मात्र मागे राहिला, म्हणजे जितके पेट्रोल आत जात होते तितके ऑइल जात नव्हते. मालवणहून परतताना करूळ घाटाच्या चढावर एका बाजूचा पिस्टन जाम झाला. गाडी टेम्पोतून आमच्या दारात आली, तेव्हा मालक रागावले नाहीत, त्यांनी फक्त विचारले की काय राहिले. आम्ही दोन्ही सिलिंडर ०.२५ मिलिमीटर वाढवून बोअर करून दिले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. त्या दिवसापासून पंपाच्या पुलीवरची खूण पिनेसमोर आली आहे की नाही हे पाहिल्याशिवाय, आणि पाहणाऱ्याने वहीत सही केल्याशिवाय, आमच्याकडून एकही आरडी बाहेर गेलेली नाही.

पुढे दुसरी गोष्ट उमगली, ती अशी की कार्बोरेटर जुळवणे हे शेवटचे काम आहे. गाडी मिसिंग करते म्हणून लोक कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत येतात, पण या इंजिनात दोन सिलिंडरना ठिणगी पाडणारे दोन वेगळे पॉइंट आहेत, त्यामुळे टायमिंगही, म्हणजे ठिणगीची वेळही, डायल गेज (बारीक मोजमापाचे काट्याचे साधन) लावून दोन वेळा स्वतंत्र बसवावे लागते. क्रँक दांड्याच्या टोकाचे रबरी सील एका बाजूने हवा ओढत असेल तर त्या सिलिंडरला कोणताही ॲडजस्टर वाचवू शकत नाही. म्हणून आम्ही पहिल्यांदा तोंडे बंद करून इंजिनात सुमारे ६ पीएसआय दाबाची (पौंड प्रति चौरस इंच) हवा भरतो आणि ती सहा मिनिटे टिकते का ते पाहतो. त्यानंतर पॉइंट, टायमिंग, फ्लोटची पातळी, एकाच क्रमांकाचे जेट, दीड फेरा उघडलेला एअर स्क्रू (मंद गतीला हवेचे प्रमाण ठरवणारा) आणि मगच केबल. हा क्रम समजावून सांगितल्यावर काही गिऱ्हाइके निघून गेली, कारण त्यांना दोनशे रुपयांत ‘ट्युनिंग’ हवे होते. राहिली त्यांनी आपल्या मित्रांना पाठवले.

व्यवसाय खऱ्या अर्थाने उभा राहिला तो केबलमुळे. बाजारात मिळणाऱ्या नव्या केबलच्या जोडीतही आतल्या तारेच्या लांबीत एक-दोन मिलिमीटरचा फरक सापडे आणि ॲडजस्टरची सगळी चाल तो भरून काढण्यातच संपे. उद्यमनगरात लेथची काय कमतरता! शेजारच्या कारागिराकडून तारा एका मापात धरणारा एक साचा, म्हणजे जिग, बनवून घेतला, दोन्ही तारा एकाच खोबणीत शेजारी शेजारी ठेवून तारेच्या टोकाचे धातूचे निपल डाखवायला सुरुवात केली आणि जोडी एकत्र बांधूनच विकायची असे ठरवले. आधी आमच्याच गाड्यांपुरते केलेले हे काम पुणे, पणजी आणि बंगळूरपर्यंत कुरिअरने जाऊ लागले. आज गॅरेजच्या उत्पन्नातला मोठा वाटा या केबलचा आहे, आणि डाखकाम करणाऱ्या दोन महिला ते माझ्यापेक्षा सफाईने करतात.

चार सिलिंडरच्या जुन्या होंडा गाड्याही अधूनमधून येतात. फोर-स्ट्रोक असल्यामुळे त्यांच्या इनटेकवर (हवा आत ओढणाऱ्या नळीवर) व्हॅक्यूम गेज, म्हणजे ओढ मोजणारे मापक, लावून चारही काटे मिळवता येतात. आधी एकेक जोडी, मग दोन जोड्या परस्परांशी. समोर मोठा पंखा ठेवावा लागतो, नाहीतर उभ्या गाडीचे इंजिन तापून जाते. आरडीला हे गेज उपयोगाचे नाही, कारण टू-स्ट्रोकमध्ये ओढ क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या पेटीतून) रीड व्हॉल्व्ह या पातळ पात्यांच्या झडपेमार्गे येते आणि काटा नुसता थरथरतो.

१ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-सहा नियम लागू झाल्यानंतर बहुतेक नव्या मोटारसायकली कार्बोरेटर सोडून फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या काही मुलांनी कार्बोरेटर उघडलेला पाहिलेलाही नसतो, म्हणून पहिला आठवडा आम्ही त्यांना टेबलावर एकच जुना कार्बोरेटर खोलायला आणि जोडायला देतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुनी रबरे फुगतात आणि उभ्या गाडीच्या फ्लोटच्या वाटीत पाणी साठते, त्यामुळे ओ-रिंग बदलणे आता प्रत्येक कामात धरावेच लागते. करूळ घाटात जाम झालेली तीच आरडी गेल्या महिन्यात पुन्हा आली होती, आता मालकांचा मुलगा ती चालवतो. ड्रिल लावून पाहिले, दोन्ही एकदम पडले, पंपाची खूण पिनेसमोर होती. फक्त ओ-रिंग बदलल्या, वहीत सही केली आणि गाडी दिली.