मॉरिशसमध्ये पक्षी राखायला शिकताना: अर्जापासून घरट्यापर्यंत

मॉरिशसला फिल्डवर काम शिकायला जायचं ठरवलं, तर अर्जात पदवीपेक्षा हाताच्या कामाला जास्त भाव आहे. पक्षी हातात धरता येतो का, दिवसचे दिवस एकट्याने जंगलात काढता येतील का, गियरची गाडी चिखलात चालवता येते का, नोंदी अचूक ठेवता येतात का, हे मला मुलाखतीत खोदून विचारलं गेलं. मुंबईच्या बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) वर्षानुवर्षं पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालण्याचं काम केलेलं आहे. तशा शिबिरात जाळ्यातून पक्षी सोडवला असेल, पंख मोजले असतील, तर ते अर्जात पहिल्या परिच्छेदात लिहा. 'निसर्गाची आवड' सगळेच लिहितात. किती पक्षी हाताळले, कोणाच्या देखरेखीखाली, आणि ती व्यक्ती तुमच्याबद्दल दोन ओळी लिहून देईल का, हे महत्त्वाचं.

तिथलं बरंचसं काम मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन (स्थापना १९८४), सरकारचं राष्ट्रीय उद्यान खातं आणि जर्सी बेटावरची ड्यूरेल ही वन्यजीव राखणारी संस्था मिळून करतात. ड्यूरेलचे अभ्यासक्रमही आहेत, पण मी सांगते आहे ते स्वयंसेवक म्हणून शिरून शिकण्याबद्दल. राहण्याची सोय फिल्ड स्टेशनवर होते. तिकीट, विमा, खर्चाला मिळणारी रक्कम यांचं लेखी उत्तर निघण्याआधी घ्या. परवानगीचंही तसंच. भारतीयांना पर्यटक म्हणून सहज प्रवेश मिळतो, पण त्यावर काम करता येईल असं गृहीत धरू नका. कागदपत्रं संस्थेला विचारूनच करा, आणि त्याला लागणारा वेळ धरून अर्ज लवकर पाठवा. केस्ट्रल (तिथला लहान ससाणा) आणि एको पोपट (फक्त मॉरिशसचा) यांचा विणीचा हंगाम साधारण ऑगस्ट-सप्टेंबर ते फेब्रुवारी. त्याआधी पोचलं तर शिकायला वेळ मिळतो. मध्येच पोचलं तर सगळे झाडांवर चढलेले असतात, शिकवायला कोणी मोकळं नसतं.

देशात मराठी वंशाची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण फिल्डवर कानावर पडते ती क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली. शंभरेक शब्द आधी पाठ केलेले बरे. स्थानिक रेंजरकडून जे शिकायला मिळतं ते कुठल्याही पुस्तिकेत नसतं.

आपल्याकडच्या माणसाला तिथे एका गोष्टीची सवय व्हायला वेळ लागतो. आपल्या अंगणातले बरेच प्राणी तिथे उपद्रवी आहेत. साळुंकी पोपटाच्या ढोल्या बळकावते. शिपाई बुलबुल चिनी पेरूचं बी जंगलभर पसरवतो. मुंगूस १९०० साली उंदरांवर उपाय म्हणून सोडलं, ते पक्ष्यांच्या मुळावर आलं. आपला नेहमीचा पोपटसुद्धा तिथे बाहेरून आलेला आहे, आणि एको पोपट त्याचाच जवळचा नातेवाईक. दोघं एकाच झाडावर बसले की नवख्याची पंचाईत होते. एको अंगाने भरदार, हिरवा रंग गडद, शेपूट आखूड. मादीची चोच पाहिली तर शंकाच राहत नाही: एको मादीची चोच काळी, आपल्या पोपटाच्या नर-मादी दोघांचीही वरची चोच लाल. आवाज ओळखायला शिकणं मात्र सगळ्यात भरवशाचं, कारण दाट जंगलात चोच दिसेलच असं नाही.

मॉरिशस केस्ट्रल १९७४ मध्ये जंगलात फक्त चार माहीत होते. मलेरियाच्या डासांवर मारलेलं डीडीटी हे कीटकनाशक, जंगलतोड आणि बाहेरून आलेले शिकारी प्राणी ही त्याची कारणं. १९७९ पासून पक्षीसंवर्धक कार्ल जोन्स यांनी जी पद्धत बसवली, तीच आजही शिकवण्याचा गाभा आहे. पहिली अंडी काढून घ्यायची म्हणजे मादी पुन्हा घालते, काढलेली अंडी यंत्रात उबवायची, पिल्लं हाताने वाढवायची आणि सवयीने खाणं देत देत जंगलात सोडायची. केस्ट्रल १९९४ मध्ये कमी धोक्याच्या वर्गात गेला, आणि २०१४ मध्ये पुन्हा जास्त धोक्याच्या. संख्या वाढली म्हणून हात काढून घेतला की काय होतं, ते यात दिसतं. म्हणूनच तिथे नव्या माणसाला आधी खाद्याच्या जागा सांभाळायला देतात. हे काम कमी दर्जाचं समजू नका.

गुलाबी कबुतराची खाद्याची जागा म्हणजे दाण्याचा डबा, फळी आणि पाणी. १९९० च्या सुमारास जंगलात दहाएक कबुतरं उरली होती, आज काही शे आहेत, ती यावर आणि उंदीर-मांजरांच्या बंदोबस्तावर टिकून आहेत. पण पक्षी एका जागी गोळा झाले की रोगही गोळा होतो. ट्रायकोमोनास हा एकपेशीय जीव पाण्यातून आणि चोचीतून पसरतो. घशात पिवळट, चीजसारखा थर धरतो आणि पक्षी उपाशी मरतो. यासाठी रोजचा नेम असा: आधी लांबून, दुर्बिणीतून पक्षी मोजायचे आणि कड्या वाचायच्या, मग जवळ जायचं. ओला किंवा गोळा झालेला दाणा तिथेच न टाकता पिशवीत भरून परत आणायचा, नाहीतर बुरशी धरते आणि उंदरांना मेजवानी होते. फळी घासायची, पाणी पूर्ण ओतून भांडं पुसून नवं भरायचं. वरून भर घालणं चालत नाही. पंख फुगवून बसलेला, गिळताना मान ताणणारा पक्षी दिसला की वेळ आणि कडी लिहून त्याच दिवशी कळवायचं.

कड्या वाचणं सोपं वाटतं, पण नोंदी सगळ्यात जास्त इथेच बिघडतात. प्रत्येक पक्ष्याच्या पायात रंगीत कड्यांची स्वतंत्र जोडणी असते. डावा पाय म्हणजे पक्ष्याचा डावा. पक्षी समोर तोंड करून बसला असेल तर तो आपल्या उजव्या हाताला येतो. उन्हाने पांढरा पिवळसर होतो, जांभळा संध्याकाळी काळा दिसतो. खात्री नसेल तर त्या कडीच्या जागी प्रश्नचिन्ह लिहायचं. अंदाजाने भरलेला एक रंग मेलेल्या पक्ष्याला यादीत जिवंत करतो.

घरटी शोधताना एक खूण फार उपयोगी पडली. गुलाबी कबुतरात दिवसा नर उबवतो, संध्याकाळी मादी बसते. दिवसभर फक्त मादीच दिसते आहे आणि नर गायब आहे, म्हणजे बहुधा घरटं आहे. अंडी दोन, उबवण सुमारे चौदा दिवस. त्यापुढे दोन-तीन दिवस उलटूनही पक्षी बसूनच असेल तर अंडी फोल समजायची.

एको पोपटाच्या ढोलीपर्यंत दोरावरून जावं लागतं. बेचकीने पातळ दोरी फांदीवरून टाकायची, तिने जाड दोर ओढायचा, आणि आपलं वजन टाकण्याआधी दोघांनी मिळून लटकून पाहायचा. पिल्लू कापडी पिशवीत घालून खाली येतं. वजन करताना पिशवीचं वजन वजा करायचं, आणि गळ्याशी असलेली अन्नपिशवी रिकामी, अर्धी की भरलेली हे शेजारी लिहायचं. नुकतंच भरवलेलं पिल्लू जड भरतं आणि अशक्तपणा लपून राहतो. ढोलीतला भुसा चाळून पाहायचा. घरट्यातल्या एका माशीच्या अळ्या रात्री पिल्लांचं रक्त पितात, आणि लहान पिल्लू त्याने दगावतं. २००४-०५ च्या सुमारास या पोपटांत चोच आणि पिसं झडवणारा विषाणू पसरला होता. तेव्हापासून दर घरट्यानंतर हात, पिशवी, तराजू, दोराचं टोक जंतुनाशकाने पुसणं सक्तीचं आहे. थकवा आला की पहिली टाळली जाते ती हीच पायरी, म्हणून आम्ही ते दोघांनी एकमेकांचं तपासायचं ठरवलं होतं.

ईल-ओ-झेग्रेट हे आग्नेय किनाऱ्याजवळचं २६ हेक्टरचं बेट झाडं लावण्याचं काम शिकायला उत्तम. तिथे आल्डाब्रा बेटांवरची मोठी कासवं नामशेष झालेल्या कासवांच्या जागी सोडलेली आहेत. ती एबनीची (काळ्या लाकडाचं तिथलं झाड) फळं खातात आणि त्यांच्या पोटातून गेलेलं बी चांगलं रुजतं. उंदीर तिथून संपवले, चिचुंद्री मात्र हटलेली नाही, आणि ती सरड्यांची पिल्लं खाते. २०२० मध्ये वाकाशिओ जहाजाचं तेल याच भागात सांडलं, तेव्हा रोपवाटिकेतली रोपं मुख्य बेटावर हलवावी लागली.

राउंड आयलंड या छोट्या बेटावर जायला मिळालं तर आदली संध्याकाळ सामानाच्या तपासणीला मोकळी ठेवा. १९७९ मध्ये बकऱ्या आणि १९८६ मध्ये ससे काढल्यानंतर ते बेट सावरतं आहे. एक उंदीर किंवा एका तणाचं बी ते सगळं बिघडवू शकतं. बंद खोलीत प्रत्येक वस्तू उलगडतात: बुटाच्या तळाच्या खाचा टाचणीने कोरतात, मोज्यांतली कुसळं चिमट्याने काढतात, वेल्क्रो ब्रशने झाडतात, खिसे उलटे करतात. वेल्क्रोचे कपडे न नेलेलेच बरे, त्यात आघाड्यासारखं चिकटणारं बी हमखास अडकतं. मग सगळं घट्ट झाकणाच्या पिंपांत. बेटाला वाळूचा किनारा नाही. लाट वर आली की बोटीतून खडकावर पाय टाकायचा, आणि दर्या खवळलेला असेल तर परत फिरायचं. परतीलाही तेच, म्हणून खाणं आणि औषधं ठरलेल्या मुक्कामापेक्षा जास्त ठेवतात. चालताना खडकावरूनच चालायचं. मऊ मातीत समुद्रपक्ष्यांची बिळं असतात, पाय पडला की छत कोसळतं. कोसळलंच तर हाताने माती काढून, सपाट दगड आडवा ठेवून बीळ पुन्हा उभं करायचं आणि जागा नोंदवायची.

निघण्याआधी पुढच्या माणसाला काम सोपवण्यासाठी दोन-तीन दिवस राखून ठेवा. चालू घरट्यांची यादी, पुढच्या भेटीची तारीख, झाडावर दोर कुठल्या फांदीवरून जातो, कोणत्या डब्याचं झाकण पावसात गळतं, कोणत्या जोडीतला पक्षी महिन्याभरात दिसलेला नाही, हे सगळं कागदावर हवं. आणि त्या माणसाला प्रत्येक जागी एकदा सोबत घेऊन जा. जंगलातली वाट नकाशावरून सापडत नाही.