पाठराखण, नोंद चौथी: घाम की गळती?

मागच्या नोंदीच्या शेवटी मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, "आता फक्त डबी बनवायची राहिली." ते वाक्य परत घेते. सर्किट ठेवायची डबी राहिली बाजूला, गादीच पहिल्यापासून शिवावी लागली, आणि तीही दोनदा.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. पाठराखण म्हणजे फवारणी पंप आणि माणसाची पाठ यांच्या मधे बसणारी कापडी गादी. पंप गळायला लागला की खांद्याच्या पट्ट्यातली छोटी मोटर थरथरते. बस, एवढंच काम. कॉलेजात एक सर म्हणाले, याला ॲप जोड, डॅशबोर्ड कर, मार्क चांगले पडतील. पण फवारणी करणाऱ्याच्या दोन्ही हातांत काम असतं आणि डोळे झाडावर. त्याने मोबाइल कोणत्या हाताने काढायचा? आणि ज्या हाताने काढायचा, त्याला औषध लागलेलं असतं.

सुरुवात एका शर्टापासून झाली होती. नागपूरजवळ कळमेश्वरच्या पुढे मामाचं शेत आहे, कपाशी आणि तूर. तिथे फवारणीला येणाऱ्या काकांच्या निळ्या शर्टावर कमरेच्या जरा वर एक फिकट पट्टा होता, रंग खाऊन टाकल्यासारखा. काकू म्हणाल्या, कितीही घासा, निघत नाही. मी पंप उलटा करून पाहिला. झाकणाखालून निघालेला पांढरट ओघळ टाकीच्या पाठीकडच्या बाजूने उतरत बरोबर त्याच उंचीवर थांबला होता. म्हणजे पंप गेले कित्येक दिवस थेंबथेंब काकांच्या पाठीवर रिकामा होत होता.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. मी तेव्हा शाळेत होते. डोक्यात राहिले ते मास्क आणि चष्म्यांचे फोटो. पाठीचा विचार या शर्टाने करायला लावला. ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं कातडीतून आत जातात. कातडी घामाने ओली असेल तर जास्तच, आणि जांघेतून तर हाताच्या कितीतरी पट वेगाने. गळक्या पंपाचं पाणी पाठीवरून नेमकं तिकडेच उतरतं.

पोळ्याच्या आधीचा रविवार

मामाने यंदा नवा 16 लिटरचा बॅटरीवाला पंप घेतला आणि माझ्या हट्टापायी तो फक्त निंबोळी अर्कासाठी वेगळा ठेवला. माझा पहिला नियम हाच आहे: चाचणी एकतर साध्या पाण्यावर, नाहीतर निंबोळीवर. खऱ्या औषधावर नाही. तुमच्यापैकी कोणी असं काही करत असेल तर हा नियम माझ्याकडून उसना घ्या.

काकांनी सकाळी नऊला पंप पाठीला लावला. तिसऱ्या तासाला मोटर थरथरली. काकांनी शांतपणे खिशात हात घालून मोबाइल काढला, पाहिला, परत ठेवला. मी धुऱ्यावरून ओरडले, "काका, फोन नाही, पंप!" त्यांनी पंप उतरवला. टाकी बाहेरून कोरडी ठणठणीत, गळती कुठेच नाही. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. पाचव्या वेळी त्यांनी वायर उपसून माझ्या हातात दिली.

"बाई, हे तं घामालेच भेते. अन् ह्या उमशीत घाम नाही येईन तं काय येईन?"

खोटं वाटेल, पण हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घरी मी पंख्याखाली बसून ओल्या स्पंजने गादी तपासली होती. पंख्याखाली कोणाला घाम येतो?

गादीची रचना साधी: सुती कापडावर एकमेकींना न शिवणाऱ्या दोन तारा, एक सेंटिमीटर अंतरावर. कापड ओलं झालं की दोन्हींमधला विजेला होणारा विरोध घसरतो आणि ॲटटायनी85 नावाची छोटी चिप ते आकड्यात मोजते. कोरडी असताना आकडा 1020 च्या आसपास (चिप जास्तीत जास्त 1023 दाखवते; जितकं ओलं, तितका आकडा कमी). विहिरीच्या पाण्याने 420. माझ्याच घामाने, म्हणजे गच्चीवर दुपारी दोरीवरच्या उड्या मारून, 310. मधे कुठेतरी सीमारेषा ओढू असं वाटलं होतं. पण ओल कमी-जास्त झाली की दोन्ही आकडे एकमेकांच्या अंगावर चढतात. वाळलेल्या घामाचं मीठ कापडात राहतं, त्यावर साधं पाणी पडलं तरी आकडा घामासारखाच दिसतो. दोन रात्री मी कोडमधे सरासऱ्या, उतार, काय काय करून पाहिलं. सगळं फुकट.

एक गोष्ट मात्र या औषधांबद्दल वाचताना खटकली आणि ती सांगायलाच हवी. ऑर्गनोफॉस्फेट गटाच्या विषबाधेत उलटी, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं ही लक्षणं असतात, आणि दरदरून घामही सुटतो. म्हणजे शेतात माणसाला घाम फुटला की सगळे ऊन लागलं म्हणून पाणी पाजतात, आणि गडबड तिथेच होते. घाम माझ्या सर्किटला फसवतो, तसाच माणसांनाही.

दोन दिवसांनी, मावशीकडे

मावशीला बाळ झालंय. बाळाच्या दुपट्याखाली मेणकापड, त्याखाली गोधडी. मावशी सहज म्हणाली, वरचं ओलं असलं तर बाळाने केलंय, खालचं ओलं असलं तर कोणीतरी पाणी सांडलंय. मी तिथून उठून सरळ बर्डीच्या बाजारात गेले आणि अर्धा मीटर मेणकापड घेतलं.

नवी गादी तीन थरांची. पंपाच्या बाजूला एक तारांची पट्टी, शर्टाच्या बाजूला दुसरी, मधे मेणकापड. बाहेरची ओली झाली तर गळती. फक्त आतली ओली असेल तर घाम, गप्प बस. सीमारेषा वगैरे काही लागत नाही, फक्त कोणती बाजू ते बघायचं. कोडच्या साठ ओळी उडाल्या आणि नऊ उरल्या. कोड उडवण्यात जी मजा आहे ती लिहिण्यात नाही.

ताराही बदलल्या. आधी तांब्याच्या होत्या, दहा दिवसांत हिरव्या पडल्या. आता भांडी घासायच्या स्टीलच्या घासणीतली तार वापरते. आईची नवी घासणी गेली, त्याबद्दल वेगळी बोलणी खाल्ली. या तारेवर साधा सोल्डर धरत नाही, म्हणून तार टिचबटणाखाली दाबली. त्याचा फायदा असा की गादी टिचबटणं उघडून वेगळी करता येते आणि साबणाने धुता येते. हे ठरवून केलं असं सांगायला आवडलं असतं, पण नाही.

आणखी एक: तारांमधून एकाच दिशेने वीज सोडत राहिलं की तार खाल्ली जाते. म्हणून प्रत्येक वाचनाला दोन पिना आळीपाळीने उलट करते. आधी पहिली प्लस, मग दुसरी. वाचन सेकंदाला एकदा, मधल्या वेळात चिप झोपलेली.

मारबतीच्या दिवशी

सकाळी नागपूरच्या महालात काळी-पिवळी मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी पुतळ्यांची मिरवणूक, पाहिली, "घेऊन जा गे मारबत" म्हणून घसा बसवला, दुपारी टेबलावर बसले. प्रश्न असा होता की औषध पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होतं, त्यात तेलकट अंश असतो. तेलाने तारा झाकल्या गेल्या तर? खऱ्या औषधाच्या जागी सोयाबीन तेल आणि भांडी घासायचा लिक्विड साबण पाण्यात घुसळला. तसंच पांढरं झालं. आकडा 450. थेंब तेलाचे असले तरी भोवती पाणीच असतं, वीज पाण्यातून जाते. आरओचं पाणी मात्र 880 वर अडकलं, पण आरओच्या पाण्याने कपाशी कोण फवारतं?

पंपाच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवरून वीज घ्यायचा नाद सोडला. पंपाची मोटर सुरू होताना व्होल्टेज असं आपटतं की चिप दर वेळी नव्याने जन्म घेते. डायोड, कपॅसिटर लावून पाहिले, थोडं सुधारलं, भरवसा बसला नाही. आता तीन पेन्सिल सेल, कोणत्याही गावच्या किराणा दुकानात मिळणारे. थरथरणारी मोटर जुन्या मोबाइलमधली, ती चालू-बंद करायला एक बीसी547 ट्रान्झिस्टर. बझर मुद्दाम नाही. कानावर दुपट्टा, शेजारी पंपाचा आवाज, कोणाला ऐकू येणार? सगळा खर्च 350 रुपयांच्या आत.

परवाचा रविवार

काकांना मोठ्या मिनतवारीने तयार केलं. पहिला एक तास घामाने शर्ट पिळता आला असता, मोटर गप्प. मग मी त्यांना न सांगता (मामाला सांगून) भरताना झाकण अर्धा आटा कमी आवळलं. काका कपाशीची ओळ संपवून वळले, खाली वाकले, झाकणातून उसळी आली. अकराव्या सेकंदाला तीन लांब थरथरी. काकांनी या वेळी खिशाकडे हात नेला नाही. पंप उतरवून झाकणावर बोट फिरवलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी चार पावलं मागे गेले.

मग एक वाद झाला. टाकी भरताना तोंडावरून पाणी सांडलं, गादी ओली झाली, मोटर थरथरली. मी वहीत लिहिलं: खोटा इशारा. काका म्हणाले, "खोटा कसा? आधी आर्धं पानी, मंग औषध, मंग वरून पानी भरतो आमी. सांडते ते औषधच हाय ना." मी "खोटा" खोडून "खरा" लिहिलं. हे मला टेबलावर बसून कधीच कळलं नसतं.

दोन तासांनी मात्र एक इशारा खरंच खोटा निघाला. मानेवरून उतरलेला घाम मेणकापडाच्या वरच्या कडेवरून वळून बाहेरच्या पट्टीत शिरला. आता मेणकापड चारी बाजूंनी दोन बोटं जास्त ठेवून वरची कड दुमडून शिवली आहे. दुसऱ्यांदा शिवली म्हटलं ती हीच.

मधेच निंबोळीच्या चोथ्याने नोझल तुंबलं, आणि काकांनी ते सवयीने तोंडाला लावून फुंकलं. निंबोळी कडू लागते एवढंच झालं. पण सवय हाताला असते, टाकीत काय आहे ते तिला कळत नाही. त्याच दुपारी जुना टूथब्रश सुतळीने पंपाच्या पट्ट्याला बांधला. सर्किट शून्य, खर्च शून्य, आणि कदाचित या प्रकल्पातला सगळ्यात उपयोगी भाग तोच असेल.

निघताना जुना, गळका पंप परत पाहिला. हातमोजे घालून झाकण उघडलं. आतलं रबरी वॉशर वाळून कडक झालेलं, नख लावलं तर तुकडा पडला. मामाने दुसऱ्याच दिवशी कृषी केंद्रातून नवं आणून बसवलं. काकांनी पाणी भरून पंप आडवा केला, हलवला, थेंब नाही.

"आता हे गळतच नाही, तं तुही गादी काय सांगन?"

मी म्हटलं, काही नाही, गप्प बसेल. तर म्हणाले, "गप हाय म्हून चांगलं हाय, का सेल मेला म्हून गप हाय, ते मले कसं समजन?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सध्याचा विचार असा: पट्टा खांद्यावर चढवला की एक छोटी थरथर, म्हणजे "मी जागी आहे". ती आली नाही तर सेल बदलायचा. पट्टा चढला हे ओळखायला बारीक मायक्रोस्विच लावावं की पट्ट्याच्या ताणावर काही करावं, यावर अडले आहे. स्विचमधे चिखल जाणार हे नक्की. कोणी मळक्या जागेत टिकणारा स्विच वापरला असेल तर सांगा. आणि मोटर उजव्या पट्ट्यात हलवते आहे, कारण काकांचा मोबाइल डाव्या खिशात असतो.