तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांचं पोस्टमॉर्टेम

"बाबांना चिरायची परवानगी दिलीसच कशी?" बाबा जाऊन बराच काळ लोटला, तरी हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. विचारणाऱ्यांना बाकी सगळं ठाऊक असतं. पोलिसांचा संबंध नव्हता, कुणाची सक्ती नव्हती. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं होतं, घरी सोडायच्या गोष्टी चालल्या होत्या आणि बाबा अचानक गेले. डॉक्टरांनी विचारलं, मी सही केली. "असली चिरफाडीची पुस्तकं वाचून मन मेलंय तुझं," हेही ऐकून झालंय.

पुस्तकं वाचते, खरंय. पण त्यांनी मन मरतं हे मला साफ नामंजूर आहे. इटलीतल्या पादुआच्या मोर्गान्यी या शरीरशास्त्रज्ञाने १७६१ मध्ये, वयाच्या ७९व्या वर्षी, सुमारे ७०० शवविच्छेदनांच्या नोंदी छापल्या. त्यात आधी माणूस येतो: काय दुखत होतं, कसा गेला. आत काय सापडलं, ते मागाहून. मेलेल्या माणसाचं गाऱ्हाणं इतक्या निगुतीने कुणी ऐकलं होतं?

शवविच्छेदनाची दुसरी बाजूही मला माहीत आहे. व्हिएन्नात डॉक्टर शवागारातून थेट बाळंतिणींच्या वॉर्डात जायचे आणि बायका तापाने मरायच्या. १८४७ मध्ये कोलेच्का हे प्राध्यापक शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याची सुरी बोटाला लागून वारले. त्यांच्या शरीरात जे सापडलं तेच त्या बाळंतिणींच्या शरीरात सापडत होतं, हे त्यांचा मित्र, तिथलाच डॉक्टर सेमेलवाइस याने ओळखलं आणि क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले. मरण त्या टेबलावरून वॉर्डात गेलं होतं आणि त्याचा छडाही टेबलावरच लागला. रशियन लेखक तुर्गेन्येवच्या १८६२च्या कादंबरीतला बझारोव शवविच्छेदन करताना असंच बोट कापून मरतो. तेव्हा या कामाला निर्मळ म्हणा, असा माझा हट्ट नाही.

आता त्या दिवसाचं. सर्टिफिकेटवर हृदयविकाराचा झटका लिहायचं चाललं होतं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आमची खात्री होत नाहीये. तुमची हरकत नसेल तर तपासू." काय काय करणार, ते मी विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. दोन्ही खांद्यांपासून छातीच्या मध्यापर्यंत आणि तिथून खाली पोटावर छेद; एकेक अवयव काढून, वजन करून, कापून बघायचा; सूक्ष्मदर्शकासाठी बारीक तुकडे ठेवायचे; मग टाके. धाकटा भाऊ उठून बाहेर गेला. मी सही केली.

संध्याकाळी दोघांना बोलावलं. फुप्फुसांकडे जाणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती, लांबट, पायातल्या शिरेच्या आकाराची. अशी गुठळी पायातून सुटून रक्ताबरोबर वर येते, हे बर्लिनच्या फिरखो या डॉक्टरने १८४०च्या दशकातच दाखवलं होतं. मी ते वाचलेलं होतं. भाऊ म्हणाला, "डावी पोटरी ठणकतेय म्हणत होते. मी चेपून दिली." डॉक्टरीणबाई घाईघाईने म्हणाल्या की चेपल्यामुळेच झालं असं कुणालाही सांगता येणार नाही. त्याने मान हलवली. पटलं मात्र नाही, आजही नाही.

पूर्वी मी ठासून सांगायचे की पुढच्या पेशंटचं भलं व्हावं म्हणून सही केली. ते खोटं नव्हतं. अशा गुठळ्या जिवंतपणी नजरेतून निसटतात आणि नंतर टेबलावर सापडतात, हे डॉक्टरांना कळायलाच हवं. पण त्या घटकेला माझ्या डोळ्यांपुढे पुढचा पेशंट नव्हता. बाबा कशाने गेले हे न कळता घरी जाणं मला सोसवलं नसतं, एवढंच. मग कळल्याचं ओझं भावाने का वाहावं? यावर मी स्वतःशी पुष्कळ भांडले आहे. झटका आला असं समजून तो सुखाने झोपला असता, हे मला नाकारता येत नाही. त्याच्या झोपेसाठी बाबांच्या मृत्यूचं खोटं कारण कायम राहू द्यायचं, हेही मान्य होत नाही.

भाऊ विचारतो, "आणि काहीच सापडलं नसतं तर?" फ्रेंच लेखक फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी' कादंबरीत बायकोमागे झुरून गेलेल्या शार्ल बोव्हारीला डॉक्टर उघडतो आणि त्याला काहीही सापडत नाही. शवविच्छेदन चालायचं त्या दालनात लहानपणी डोकावणारा, सर्जनचा मुलगा होता फ्लोबेर. त्याने ते वाक्य उगाच लिहिलेलं नाही. तरीही मी सही केली असती. काही नव्हतं, हेही मला ऐकायचं होतं.

भावाने बजावलंय, "माझ्या वेळी हात लावू द्यायचा नाही." मी तसं कबूल केलंय. माझ्या वेळी करून घ्या, असं मी मुलीला सांगून ठेवलंय. तिने अजून हो म्हटलेलं नाही.