रद्द करू नका

भेटीच्या वेळा सांभाळणारा चॅटबॉट. वापरकर्त्याने लिहिलं, 'रद्द करू नका, फक्त परवावर ढकला.' बॉट म्हणाला, 'तुमची भेट रद्द केली आहे. आणखी काही मदत हवी आहे का?' बॉटमागच्या मॉडेलने या निर्णयाला दिलेला गुण एकपैकी ०.९१. आठवडा झाला, ही नोंद मी पुन्हा पुन्हा उघडतेय.

आमच्या बॉटमध्ये वाक्याचे आकडे होतात आणि शिकवलेल्या सात हेतूंपैकी, म्हणजे वापरकर्त्याला काय हवंय याच्या सात प्रकारांपैकी, ते कशाशी जास्त जुळतात ते बघितलं जातं. 'रद्द'साठी नमुना वाक्यं होती साठ, 'वेळ बदला'साठी चौदा. 'नका' असलेलं एकही नाही. शिवाय आकडे होण्याआधी साफसफाई असते: 'आहे', 'आणि', 'तर' असे किरकोळ शब्द गाळायचे. ती यादी कुणीतरी आयती उचललेली. उघडून पाहिली तर 'नाही', 'नको', 'नका' तिघंही तिच्यात बसलेले. म्हणजे मॉडेलच्या हाती पडलं 'रद्द करू फक्त परवावर ढकला'. त्या बिचाऱ्याने मिळालेल्या मालावर ठीकच उत्तर दिलं की!

आणि ते ०.९१. बैठकीत सगळे त्याला 'खात्री' म्हणतात. सात हेतूंमध्ये मिळून एक गुण वाटायचा असतो. त्यातला एवढा वाटा 'रद्द'ला गेला, इतकाच त्याचा अर्थ. आम्हाला न सुचलेला एखादा आठवा हेतू आला तरी तो गुण या सातांतच वाटला जाणार. गुण किती झाला की बॉटने न विचारता काम करायचं, ही मर्यादा आम्ही ०.७ ठेवली होती, आणि ती पत्ता विचारण्याला आणि भेट रद्द करण्याला एकच. चुकीचा पत्ता दिला तर माणूस पुन्हा विचारतो. रद्द झालेली वेळ मात्र पुढच्या मिनिटाला दुसरं कुणीतरी घेतं. ही चूक मॉडेलची नव्हे, आम्हा डिझायनरांची.

यादीतून तीन शब्द काढले, नकाराची तीस वाक्यं घातली. मग रद्द करण्याआधी विचारून घ्यायचं ठरलं. पहिला मसुदा आला: 'तुमची भेट रद्द करायची नाही ना?' यावर 'हो' म्हणणाऱ्यालाही रद्द करायची नसते आणि 'नाही' म्हणणाऱ्यालाही. सहकारी चांगला लिहितो, पण लिहिलेलं मोठ्याने वाचत नाही. शेवटी हो-नाही काढूनच टाकलं. बटणांवर क्रियापदं आली: 'वेळ बदला', 'भेट रद्द करा', 'आहे तशी राहू द्या'. 'परवा' तर मागेही जातो आणि पुढेही, म्हणून बटणांच्या वर बॉटला काय समजलं ते वार-तारखेसह पूर्ण लिहायचं.

'मोठं भाषामॉडेल बसवा, कटकट संपेल,' असं वरून आलंच. ते 'नका' सहसा सोडत नाही, हे खरं. पण चुकलं की इतक्या सफाईदार मराठीत चुकतं की वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. रद्द करण्याआधी थांबायचं कुठे, हे तेव्हाही आम्हालाच ठरवावं लागणार.

मला खुपतंय ते वेगळंच. अहवालात हा संवाद 'यशस्वी'मध्ये मोजला गेला होता. बॉट एकदाही 'कळलं नाही' म्हणाला नाही, काम पूर्ण झालं, वापरकर्ता निघून गेला. आमच्या व्याख्येत यश म्हणजे एवढंच. अशी आणखी किती असतील म्हणून 'रद्द' आणि सोबत 'नाही', 'नको' किंवा 'नका' असलेले यशस्वी संवाद वेगळे काढले. तिसराच होता: 'मला यायला जमणार नाही, रद्द करा.' बॉटने रद्द केली होती, अगदी बरोबर.

म्हणजे मीही शब्दच जुळवत बसले होते. आता ते संवाद एकेक करून वाचतेय.