डिकी लागली!

आमचे आजोबा कपाटाची किल्ली जानव्याला बांधत. उन्हाळ्यात उघड्या अंगाने झोपाळ्यावर बसले की ती त्यांच्या पोटावर लोळायची. आजीचा जुडगा कमरेच्या चांदीच्या छल्ल्याला, त्यामुळे आजी घरात कुठे आहे ते न बघता कळायचं. किल्ली हरवली असं या दोघांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. किल्ली हरवायची तर आधी आजोबा हरवायला हवे होते.

शिवाय वाड्याच्या दाराचं कुलूप नुसतं दाबून लागायचं नाही. किल्ली घालून फिरवावी लागे, आणि मग ते तीनदा ओढून बघावं लागे. (आजोबा चौथ्यांदा कोपऱ्यावरून परत येऊन बघत.) म्हणजे कुलूप लागलं त्या क्षणी किल्ली तुमच्या हातात असणारच. किल्ली आत ठेवून बाहेरून कुलूप लावणं कितीही वेंधळ्या माणसाला जमण्यासारखं नव्हतं.

पुढे लॅच आलं. अमेरिकेत धाकट्या लायनस येलने १८६०च्या दशकात पिनांच्या सिलिंडरच्या कुलपाची पेटंटं घेतली. तसाच सिलिंडर आणि त्याला जोडलेली स्प्रिंगची जीभ आपल्या फ्लॅटच्या दारावर येऊन बसली. उघडायला किल्ली लागते, लावायला वारा पुरतो. पंचा गुंडाळून दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आलेला आणि मागे धाडकन दार लागल्यावर शेजाऱ्यांच्या सोफ्यावर अंग चोरून बसलेला एक तरी गृहस्थ प्रत्येक सोसायटीच्या इतिहासात असतो.

स्कूटरची डिकी याच लॅचची धाकटी बहीण. सीटच्या पोटाला एक लोखंडी कडी असते आणि खाली स्प्रिंगवरची खिट्टी. सीट दाबली की कडी खिट्टीत अडकते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. किल्ली फिरवली की एक बारीक केबल ती खिट्टी मागे ओढते. यंत्र एवढंच. लावताना ते कोणालाही काही विचारत नाही, उघडताना मात्र ओळखपत्र मागतं. माझ्या मते सगळी गोची इथेच आहे, आणि तिचं खापर आपण उगाच स्वतःच्या विसरभोळेपणावर फोडतो.

किल्ली आत राहून डिकी लागण्याच्या या प्रकाराचा हंगाम जून ते सप्टेंबर. सर येते, गाडी पुलाखाली उभी राहते, शेजारी आधीच वीस-पंचवीस जण दाटीवाटीने उभे असतात. डिकी उघडायची, रेनकोट बाहेर काढायचा. मोबाइल भिजेल म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीत, पाकीट भिजेल म्हणून तेही पिशवीत. एका हातात रेनकोटची बाही, त्यामुळे दुसऱ्या हातातली किल्ली क्षणभर त्याच पिशवीवर. पिशवी डिकीत. टक्. हे सगळं इतक्या शिस्तीत होतं की बघणाऱ्याला वाटावं, या माणसाने ठरवूनच मौल्यवान वस्तू सुरक्षित ठेवल्या. आणि त्या ठेवलेल्या असतातच. फोन आत, पैसे आत, किल्ली आत, आणि बाहेर अंगावर कोरडा ठणठणीत रेनकोट घातलेला मालक. घरी कळवायचं तर कोणाचा तरी फोन मागावा लागतो, आणि तो मिळाल्यावर लक्षात येतं की बायकोचा नंबर आपल्याला पाठ नाही.

दुसरी जागा पेट्रोल पंप. ज्या गाड्यांच्या टाकीचं झाकण सीटखाली असतं, त्यांचे मालक इथे सापडतात. झाकण काढायचं, शून्य बघायचं, पैसे द्यायचे, सुटे घ्यायचे, झाकण लावायचं, आणि या साऱ्या वेळात मागचे हॉर्न ऐकायचे. मागच्यांचं समाधान व्हावं म्हणून आपण घाईने सीट आपटतो, आणि त्यापुढे त्यांना पंधरा मिनिटं थांबावं लागतं.

मग माणसं जमतात. आपल्याकडे अपघाताला जमतात त्यापेक्षा या प्रसंगाला जमणारी माणसं जास्त प्रेमळ असतात, कारण इथे पोलीस येण्याची भीती नसते. एक जण काही न बोलता सीटवर दोन गुद्दे घालतो. एखादा कॉलेजचा मुलगा मोबाइलवर व्हिडिओ शोधू लागतो आणि आधी त्यातली जाहिरात सगळ्यांना दाखवतो. एक काका ‘मी तर किल्ली कधी हातातून सोडतच नाही’ हे सांगण्यापुरते थांबतात. आणि एक जण हमखास स्वतःच्या स्कूटरची किल्ली पुढे करतो, ‘माझी लागतेय का बघा.’ झिजलेल्या कुलपाला ती कधी कधी खरंच लागते. डिकी उघडते, टाळ्या पडतात, चहा होतो. घरी गेल्यावर रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मालकाच्या मनात येतं की आपल्या गाडीचं कुलूप रस्त्यावरच्या कोणाच्याही किल्लीने उघडतं, आणि मग झोप येत नाही.

या गर्दीत खरं कामाचं माणूस म्हणजे सात-आठ वर्षांचं बारीक हाताचं पोर. दोन दांडग्यांनी सीटची एक कड वर ओढून धरायची आणि पोराने फटीतून कोपरापर्यंत हात घालून चाचपडायचं. त्याची आई ‘हात अडकेल रे’ म्हणत असते आणि पोराच्या चेहऱ्यावर आयुष्यातला पहिला सार्वजनिक सन्मान फुललेला असतो.

पोर नसेल तर चावीवाला. झाडाखाली पत्र्याची पेटी, वर मोडकी छत्री, तारेत ओवलेल्या कोऱ्या किल्ल्या. याचं काम उभं राहून बघण्यासारखं असतं. कोरी किल्ली मेणबत्तीच्या काजळीवर धरायची, कुलपात घालून हलके हिसके द्यायचे, बाहेर काढून उजेडात बघायची. आत जिथे अडलं तिथे काजळी खरवडली जाते. तेवढ्याच ठिकाणी कानस मारायची आणि पुन्हा आत घालायची. कुलपालाच त्याची किल्ली विचारून घेण्याची ही पद्धत. ‘कसं काय झालं?’ हा प्रश्न तो कधी विचारत नाही. जगात या एकाच माणसाला आपल्या मूर्खपणात रस नसतो, फक्त आपल्या कुलपात असतो.

गाडी चारचाकी असेल तर मामला वेगळा. हॅचबॅकवाले सुखी. त्यांचं पुढचं एखादं दार उघडं राहिलं असलं की मागच्या सीटवरून वाकून डिकीतलं सगळं काढता येतं. डिकी खरी बंद होते ती सेदानची. दारंही लागलेली असतील तर कारागीर दाराच्या फटीत हवेची चपटी पिशवी सरकवतो, रक्तदाब मोजायच्या पट्ट्यासारखी ती फुगवतो आणि मोकळ्या झालेल्या जागेतून लांब सळई आत घालून बटण दाबतो. तिथून नुसत्या किल्लीच्या आकारावर भागत नाही. नव्या गाड्यांच्या किल्लीत चिप असते आणि ती ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, त्यामुळे झाडाखालची कानस तिथे थांबते.

डिकीत माणूसच अडकला तर त्याच्या सुटकेची सोय मात्र अमेरिकेने फार गंभीरपणे केली. १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जॅनेट फेनेल आणि त्यांच्या नवऱ्याला चोरांनी बंदुकीच्या धाकाने त्यांच्याच गाडीच्या डिकीत कोंडलं. त्यातून सुटल्यावर बाईंनी विषय लावून धरला, आणि सप्टेंबर २००१ पासून तिथे डिकी असलेल्या प्रत्येक नव्या मोटारीत आतून उघडायची मूठ सक्तीची झाली, तीही अंधारात चमकणारी. लहान मुलं खेळता खेळता डिकीत कोंडली जाऊन दगावल्याच्याही घटना त्यामागे होत्या. फार मोलाचं काम आहे ते. पण किल्लीला हात नसल्यामुळे आपल्या विषयात त्या मुठीचा उपयोग नाही.

किल्लीसाठी इंजिनिअरांनी हळूहळू वेगळ्या वाटा काढल्या. बऱ्याच नव्या स्कूटरींमध्ये किल्ली पुढच्या कुलपात तशीच ठेवून सीट उघडता येते. ती मुळात हातात येतच नाही, मग डिकीत कशी जाणार? मोटारींतली स्मार्ट किल्ली आत राहिली तर गाडी स्वतःच ते ओळखते आणि लॉक व्हायला नकार देत पीं पीं करते. भर पार्किंगमध्ये आपली गाडी आपल्याला रागावते हे ऐकायला बरं वाटत नाही, पण आजोबाही चौथ्यांदा कुलूप ओढून हेच करत होते.

राहिली दुसरी किल्ली. गाडी घेताना दोन मिळतात. पहिली वापरात जाते आणि दुसरी जाते ‘जपून ठेवलेल्या’ वस्तूंच्या प्रदेशात. काहींची कपाटाच्या लॉकरमध्ये असते, आणि लॉकरची किल्ली त्याच जुडग्यात, जो आत्ता डिकीत आहे. काहींची मुलाकडे, आणि मुलगा बंगळुरूला. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी ती शेजारणीकडे दिलेली आहे. हा सर्वांत शहाणा उपाय. फक्त हल्ली त्या दोघींचं बोलणं बंद आहे.

गेल्या पावसाळ्यात पुण्यात नळस्टॉपला पुलाखाली असाच एक खोळंबा चालला होता. निवृत्त वाटणारे एक गृहस्थ, इस्त्रीची पँट, स्कूटर लख्ख पुसलेली. चावीवाला आला, त्याने कुलूप पाहिलं आणि भल्या मनाने म्हणाला, “साहेब, घरी डुप्लिकेट असेल ना? मागवून घ्या कोणाकडून. कशाला उगाच पैसे घालवताय?”

“डुप्लिकेट आहे की,” गृहस्थ म्हणाले. “पण घरी नाही. घरात वस्तू सापडत नाहीत वेळेवर. मी ती गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटातच ठेवतो.”

“आणि पाकीट?”

गृहस्थांनी सीटकडे बघितलं. चावीवाल्याने पेटी उघडून मेणबत्ती काढली.