लवंगतेलाने तण जळतं, पण मुळाचं काय?

लवंगतेलाचा फवारा नीट बसला की काही तासांतच कोवळ्या तणाची पानं उकळत्या पाण्यात बुचकळून काढल्यासारखी दिसू लागतात. आधी काळपट, ओलसर डाग येतात, मग पान लुळं पडतं आणि एक-दोन दिवसांत तपकिरी होऊन कुरकुरतं. लवंगेतलं युजेनॉल पेशींची आवरणं फोडतं, आतलं पाणी झिरपून बाहेर येतं आणि उरलेलं काम ऊन करतं. गवती चहातलं सिट्राल आणि संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन यांची तऱ्हाही साधारण हीच.

मात्र थेंब पडतो तेवढंच भाजतं, मुळापर्यंत काही उतरत नाही. म्हणून हरळी आणि लव्हाळा वरून साफ जळालेले दिसतात आणि जमिनीतल्या काशांतून (आडव्या खोडांतून), गाठींतून पुन्हा फुटतात. गवताचा वाढणारा कोंब पोंग्यात, म्हणजे पानांच्या गुंडाळीत, दडलेला असतो, त्यामुळे कोवळं गवतही पुष्कळदा वाचतं. हे तेल खरं चालतं ते दोन ते चार पानांवर असलेल्या, रुंद पानांच्या हंगामी तणावर. वीतभर वाढलेल्या तणाला खुरपंच बरं.

एक लिटर द्रावणाला ५० मिली लवंगतेल, म्हणजे ५ टक्के. तण थोडं जून असेल तर १०० मिलीपर्यंत जा. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण तेल थेट पाण्यात ओतलं जातं. लवंगतेल पाण्यापेक्षा जड असल्याने ते तळाशी बसतं, संत्र्याचं तेल हलकं असल्याने वर तरंगतं. दोन्हींत पंपातून आधी एक आणि शेवटी भलतंच बाहेर पडतं. म्हणून तेलात आधी १० ते १५ मिली पॉलिसॉर्बेट ८० (तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ) घोटून घ्या, मग थोडं थोडं पाणी घालत ढवळत राहा. मिश्रण दुधासारखं पांढरं झालं की जमलं. तेलाचे डोळे दिसत असतील तर अजून घोटा. साबण वापरायचा असेल तर पाणी मऊ हवं. जड, म्हणजे क्षारांच्या पाण्यात साबण फाटतो आणि त्याच्या कण्या नोझलमध्ये अडकतात. द्रावण लागेल तेवढंच करा, त्याच दिवशी संपवा आणि फवारताना पंप अधूनमधून हलवत राहा.

पान पूर्ण भिजलं पाहिजे. चाकवतासारख्या पांढरी भुकटी असलेल्या पानावरून थेंब घरंगळतात, तिथे फवारा बारीक ठेवा आणि पानाच्या खालूनही मारा. दिवस उन्हाचा, वारा पडलेला आणि पानं कोरडी असावीत. ढगाळ, गार हवेत परिणाम फिका पडतो.

आता हिशेब. चौरस मीटरला ५० मिली द्रावण धरलं तर एक लिटर २० चौरस मीटरला पुरतं. हेक्टरी ५०० लिटर द्रावण, म्हणजे २५ लिटर शुद्ध तेल झालं. मोठ्या शेतात हे परवडणारं प्रकरण नाही. फरशांच्या फटी, वाटेच्या कडा आणि पेरणीआधीचा वाफा एवढीच याची जागा. वाफ्याला पाणी देऊन तण उगवू द्यायचं, ते दोन पानांवर आलं की फवारायचं आणि नंतर माती न उलथता पेरायचं. माती हलवली की खालचं बी वर येतं आणि केलेलं काम वाया जातं. उभ्या पिकात मात्र आडोसा धरूनच मारा, कारण हे तेल पीक आणि तण यांत भेद करत नाही.

‘नैसर्गिक’ म्हणून हलगर्जीपणा नको. शुद्ध लवंगतेल कातडी भाजतं, डोळ्यात गेलं तर फार त्रास होतो. हातमोजे आणि चष्मा हवेतच. युजेनॉलने माशांना गुंगी येते, तेव्हा उरलेलं द्रावण तळ्याकडे वा नाल्याकडे जाऊ देऊ नका. मांजरांनाही ओल्या फवाऱ्यापासून लांब ठेवा. लिमोनीन थर्माकोल विरघळवतं आणि रबराच्या वायसरही फुगवतं. काम झाल्याबरोबर पंपात साबणाचं कोमट पाणी घालून नोझलमधून दोनदा काढा, नाहीतर पुढच्या वेळी दांडा गळायला लागेल.